दिव्याच्या अवसेला माकुलांच्या होडीवर

काकाच्या होडीवर मी लहानपणी शंभरदा चढले असेन, पण दर वेळी ती वाळूत ओढून ठेवलेली असायची. पाण्यात असताना नाही, आणि रात्री तर नाहीच नाही. "चेडवा, तुका होडी लागतली," एवढं एकच कारण काका वर्षानुवर्षं देत आला. माझे चुलतभाऊ त्याच होडीच्या कडेवरून ओकत मोठे झाले, त्यांना हे कारण कधी लागू पडलं नाही.

योकोहामाच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण हाकोदातेची, म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरची आहे. एकदा जेवणाच्या सुट्टीत माकुलांचा, म्हणजे स्क्विडचा, विषय निघाला आणि कळलं की तिचे सख्खे मामा रात्री माकुलं पकडायला जातात. मी तिच्या इतकी मागे लागले, की शेवटी तिने मामांना फोन लावला. मामांकडे हौशी गळकऱ्यांना समुद्रात नेण्याचा रीतसर परवाना होता, त्यामुळे वाट निघाली. मी कागदावर प्रवासी म्हणून जायचं, आणि प्रत्यक्षात पेट्या भरणारी बिनपगारी खलाशीण म्हणून. मामांची एकच अट होती: अमावास्येच्या आसपास ये, चांदण्यात येऊन उपयोग नाही.

कॅलेंडर काढून पाहिलं तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली ती अमावास्या म्हणजे आषाढातली, आपली दिव्याची अवस. आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "गटारीला मासे मारायला जपानच्या टोकाला जाणारी तूच. आणि सोमवारपासून श्रावण आहे, लक्षात ठेव."

शुक्रवार

तोक्योहून शिनकान्सेनने शिन-हाकोदाते-होकुतो हे स्टेशन चार-साडेचार तासांवर आहे. तिथून छोट्या गाडीने वीसेक मिनिटांत हाकोदाते शहर. गाडी होन्शू बेट सोडून होक्काइदोला जाते ती समुद्राखालच्या बोगद्यातून. हा सेइकान बोगदा 53.85 किलोमीटरचा, 1988 साली सुरू झालेला. त्याचा सर्वांत खोल भाग समुद्रसपाटीखाली 240 मीटरवर आहे. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नसतं, नुसता काळोख. तरी मी काचेला नाक लावून बसले. दोन दिवसांनी ज्या समुद्रावर तरंगायचं, त्याच्या तळाखालून आधी जायचं, हे मला गमतीचं वाटत होतं. शेजारचे आजोबा गाढ झोपले होते.

त्याच आठवड्यात गावात बंदराची जत्रा असते, 1 ते 5 ऑगस्ट. हे मला खोली शोधायला घेतल्यावर कळलं. स्टेशनजवळ काही मिळालं नाही, गोर्योकाकूच्या बाजूला एक अरुंद खोली मिळाली. तुम्हीही त्या दिवसांत जाणार असाल तर दोन महिने आधी बघा.

माकूल हा या शहराचा अधिकृत मासा आहे. गटारांच्या लोखंडी झाकणांवरसुद्धा माकुलं कोरलेली आहेत, हसरी, पाय फाकून नाचणारी. गटारी करायला निघालेल्या बाईला गटारावर माकूल दिसावं, याला काय म्हणायचं.

रात्री हाकोदाते डोंगरावर गेले. उंची 334 मीटर, रोपवेने तीन मिनिटं. वरून शहर दिसतं ते मधे कंबर आवळल्यासारखं, दोन्हीकडे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत दिव्यांची गर्दी. सगळे त्याचे फोटो काढत होते. मी मात्र उलट्या बाजूला, काळ्या समुद्राकडे बघत होते. माकुलांच्या होड्यांच्या दिव्यांना जपानी भाषेत 'इसारिबी' म्हणतात, मासेमारीचा विस्तव. दिवे येण्याआधी होड्यांवर खरोखरच टेंभे पेटवत, त्यातून आलेला शब्द. इथल्या एका छोट्या रेल्वेलाही हेच नाव आहे. जुन्या पोस्टकार्डांवर क्षितिजाला हे दिवे माळेसारखे दिसतात. मी मोजले. पाच होते.

शनिवार

स्टेशनाबाहेरचा सकाळचा बाजार पर्यटकांचा आहे असं नाक मुरडून सांगणारे पुष्कळ भेटतात. आहेच तो पर्यटकांचा. तरी जा, पण सातच्या आत जा. आतल्या एका मंडईत मोठ्या टाकीत जिवंत माकुलं सोडलेली असतात आणि छोट्या काठीने ती आपण गळाला लावायची. गळ अडकवायचा तो शेपटाकडच्या पंखासारख्या भागात. लावलं की तिथेच चिरून पुढ्यात ठेवतात. माझ्या पुढच्या मुलाने माकूल वर काढलं आणि त्याने मुलाच्या आईच्या पांढऱ्या शर्टावर पिचकारी मारली. माकुलाचं तोंड आपल्याकडे करून धरायचं नाही, हा धडा मला फुकटात मिळाला.

पाटीवर त्या दिवसाचा भाव खडूने लिहिला होता. एका माकुलाला जो भाव होता, त्यात आमच्या देवगडच्या बाजारात टोपलीभर आली असती. विकणारी बाई स्वतःच ओशाळून म्हणाली, "पूर्वी हे गरिबाचं खाणं होतं."

ते खरंच तसं होतं, हे दुपारी मामींनी सांगितलं. मामांची शेड धक्क्यालगतच आहे. आत तंगुसाची रिळं, गळांच्या पेट्या, आणि एका कोपऱ्यात मामी बसून बर्फाच्या पेट्यांत घालायचे प्लास्टिकचे कागद मोजत होत्या. त्यांच्या लहानपणी भल्या पहाटे माकुलांची गाडी गल्लीत यायची आणि विकणारा "इगाऽ, इगाऽ" अशी हाळी द्यायचा. खरा शब्द 'इका', पण इकडच्या बोलीत त्याचा 'इगा' होतो. हाळी ऐकली की आई भांडं देऊन पिटाळायची. न्याहारीला गरम भात आणि दोऱ्यासारखं बारीक चिरलेलं कच्चं माकूल, वर किसलेलं आलं आणि सोया सॉस. शेवयांसारखं दिसतं म्हणून त्याला इका-सोमेन म्हणतात. "आता तेच हॉटेलात बशीत चार काड्या देतात," मामी म्हणाल्या, आणि त्या चार काड्या बोटांनी हवेत मांडून दाखवल्या.

मामा सत्तरीला टेकलेले, बुटके, तोंड रापलेलं. ते रापणं उन्हाचं नाही हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. माझे बूट बघून त्यांनी नुसती मान हलवली आणि मामींचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट पुढे केले. मग गळ दाखवले. बोटभर लांबीची रंगीत प्लास्टिकची नळी, हिरवी, गुलाबी, दुधी, आणि तिच्या एका टोकाला टाचण्यांचं फुलासारखं वर्तुळ. आमिष नाही. आणि आपल्या गरीला उलटा काटा असतो तसा काटाही नाही. मी विचारलं, मग सुटून जात नाही का? मामा म्हणाले, दोर ओढता राहिला तर नाही जात, थांबला की जातं. आणि काटा असता तर रात्रभर एकेक माकूल सोडवत कोण बसणार होतं?

रविवारी बाजार बंद, म्हणून शनिवारी रात्री होड्या जात नाहीत. गाव जत्रेत. रस्ता अडवून हजारो माणसं 'इका-ओदोरी', म्हणजे माकूलनाच, नाचत होती. हातांनी माकुलाचे पाय करायचे, अंग डोलवायचं, एवढंच. बँकेची माणसं बँकेच्या टोप्या घालून, शाळेची मुलं, दवाखान्याच्या नर्सेस. मामींच्या शेजारणींनी मला मधे ओढलं. मी आपले गणपतीतले हातवारे मिसळून दिले, कुणाच्या लक्षात आलं नाही. रात्री खारट सूपाचे नूडल्स खाल्ले. हाकोदातेचं रामेन मिठाचं असतं, स्वच्छ, जवळजवळ आपल्या सारासारखं पातळ. नाचून आल्यावर तेच बरं वाटतं.

रविवार, दुपार

धक्क्यावर चारला पोचायचं होतं. त्याआधी काय खावं याचं माझं म्हणणं ऐका: भात, थोडंसं, आणि तळकट काही नाही. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी, बोटीवर चढल्यावर नव्हे. खिशात आलेपाक. ऑगस्ट असला तरी रात्री वारा बोचतो, त्यामुळे बाह्यांचा शर्ट आणि वरून पाण्याचं जाकीट. गळ्याला टॉवेल. आणि गॉगल. रात्रीच्या समुद्रावर गॉगल कशाला, असं मलाही वाटलं होतं.

लाइफ जाकिटाला पर्याय नाही. जपानात 2018 च्या फेब्रुवारीपासून लहान बोटींवर सगळ्यांना ते सक्तीचं आहे, आणि त्यावर चेरीच्या फुलाचा सरकारी छाप लागतो. मामांनी माझं जाकीट उलटंपालटं करून छाप बघितला, मगच मला फळीवरून आत घेतलं.

सुटण्याआधी त्यांनी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, थोडी साके ओतली आणि टाळी वाजवून हात जोडले. होडीची देवता फुनादामा ही बाई आहे. जुन्या होड्यांत डोलकाठीच्या बुंध्याशी तिच्यासाठी बाहुली, फासे, नाणी, केसांची बट असं काय काय ठेवत. ती मत्सरी आहे, म्हणून एकटी बाई होडीवर घ्यायची नाही असा रिवाज होता. मामांनी हे सांगितलं तेव्हा मी जरा चरकले. "मग मी?" तर म्हणाले, "गेली दहा वर्षं माकूल येत नाही. तिचा राग आणखी काय वाढणार?"

होडी सात टनांची, फायबरची. दोन्ही कडांना मिळून माकुलं ओढायची चार यंत्रं, आणि डोक्यावर नाळेपासून सुकाणूपर्यंत टांगलेले अठरा दिवे, कोहळ्याएवढे, काचेचे. अशी यंत्रं बनवणारी तोवा देन्की ही कंपनी हाकोदातेचीच. आधी इथे खलाशी हाताने दोर हिसडायचे, ते हिसडणं यंत्राने शिकलं. कसं शिकलं ते बघण्यासारखं आहे: दोर गुंडाळायचं चाक गोल नाही, चपटं आहे. त्यामुळे फिरताना दोर एकसारखा येत नाही, झटके देत येतो. गळ पाण्यात उड्या मारतो आणि माकुलाला वाटतं कोळंबी पळाली.

बंदराबाहेर पडलो. डावीकडे होक्काइदोचे डोंगर, उजवीकडे निळसर रेघ, ती होन्शूची. मधली ही त्सुगारूची सामुद्रधुनी चिंचोळी आहे. होक्काइदोवरच्या शिओकुबीच्या टोकापासून समोर होन्शूवरचं ओमा फक्त 17.5 किलोमीटर. पाणी मात्र सरळ नाही. त्सुगारूचा उबदार प्रवाह जपानच्या समुद्राकडून पॅसिफिककडे सतत धावत असतो. दीड तासाने मामांनी इंजिन मंद केलं, नाळेवरून पाण्यात पॅराशूट सोडलं, आपल्या विमानातल्या छत्रीसारखं खरंच, आणि मागे एक लहानसं शीड उभारलं. पाण्यातली छत्री होडीला धरून ठेवते, शीड तिचं तोंड वाऱ्याकडे ठेवतं. नांगर टाकण्याइतका तळ जवळ नसतो.

होडी थांबली, आणि मला होडी लागली.

चालत्या होडीवर मी ठणठणीत होते. थांबल्यावर ती आडवी-तिडवी डुलायला लागली, सूर्य बुडत होता, डिझेलचा वास, आणि मी कडेवर वाकले. दोनदा. मामा सुकाणूपाशी दोर तपासत होते, त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. पाणी भरलेला मग माझ्या हाताशी कधी आला हे मला कळलं नाही. आलेपाक चघळत मी क्षितिजाकडे बघत बसले. अर्ध्या तासात उतरलं.

रविवार, रात्र

सव्वासातला जनरेटरचा आवाज बदलला, एकदम जड झाला. दिवे भपकन लागत नाहीत. आधी प्रत्येकात एक जांभळा ठिपका, मग हिरवट, आणि चार-पाच मिनिटांत असा पांढरा उजेड की माझ्या हातावरची लव मोजता यावी. एकेक दिवा तीन किलोवॉटचा. डोक्यावर शेगडी टांगल्यासारखं ऊन लागतं. या दिव्यांतून अतिनील किरणही येतात, म्हणून गॉगल, म्हणून टॉवेल, आणि म्हणून मामांचं ते रापलेलं तोंड. माणूस रात्री काम करून काळा पडतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

काळं पाणी पाचूसारखं हिरवं झालं. त्यात चांदीच्या चुऱ्यासारखे बारके जीव, मग बोटभर मासे, मग त्यांच्यामागे कुठून कुठून आलेले पक्षी. माकूल एकही नाही. मी सारखी दिव्याखाली बघत होते. मामांनी मला खांद्याला धरून फिरवलं आणि होडीच्या पोटाखाली बोट दाखवलं. तिथे, होडीची सावली पडते त्या काळ्या पट्ट्याच्या कडेला, लांबट आकार स्थिर उभे होते, सगळ्यांची तोंडं उजेडाकडे.

माकूल दिव्यापाशी येत नाही. दिव्याने त्याचं खाणं गोळा होतं. ते स्वतः उजेडाच्या कडेला, सावलीत दबा धरून राहतं आणि तिथून झडप घालतं. म्हणून गळ सोडायचा तो होडीला लागून, सावलीच्या हद्दीत. आणि म्हणूनच पौर्णिमा वाईट: सगळीकडेच थोडाथोडा उजेड असला की त्यांना एकाच ठिकाणी गोळा करणं जमत नाही.

यंत्रं सुरू झाली. एकेका दोराला वीस-पंचवीस गळ, टोकाला शिसं. आधी ऐंशी मीटरपर्यंत सोडतात, रात्र चढेल तसं माकूल वर येतं आणि दोर आखूड होतो. पहिल्या तीन फेऱ्या रिकाम्या. चौथीला कडेच्या रुळावरून पहिलं माकूल आलं, उलटं लटकलेलं, आणि रूळ ओलांडताच गळातून आपोआप सुटून जाळीवरून घसरत माझ्या बुटापाशी. बाहेर येताच ते ओरडतं. हो, ओरडतं: "क्यूऽ" असा रबर घासल्यासारखा आवाज, आणि मग पाणी, आणि मग शाई. वर येताना विटकरी लाल होतं. पायाशी पडल्यावर काचेसारखं आरपार झालं. हात लावला तर बोटांच्या जागी लाल डाग उमटले आणि विरले. आम्ही घरी माकूल चिरतो ते पांढरंफटक, त्यामुळे हा प्राणी रंगीत आहे हेच मला माहीत नव्हतं.

माझं काम सोपं वाटणारं होतं. थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, वर प्लास्टिकचा कागद, त्यावर माकुलं एका दिशेला तोंड करून ओळीने. मापाप्रमाणे पेटीत वीस, पंचवीस किंवा तीस. बर्फ अंगाला लागता कामा नये, आणि गोडं पाणी तर एक थेंब नको, त्याने रंग जातो आणि भावही. धुवायचं ते समुद्राच्या पाण्याने. हातमोजे काढायचे नाहीत, कारण माणसाच्या हाताची ऊब त्याला चटका आहे. उत्तम माकुलं मामा स्वतः उचलून होडीच्या पोटातल्या टाकीत जिवंत सोडत होते. तिथे मला मज्जाव होता.

पहिल्या पेटीला मला वीस मिनिटं लागली. पाय एकमेकांत गुंततात, चूषकं मोज्याला चिकटतात, ओळ वाकडी होते. मामांनी बघितली, काही न बोलता सगळी उपसली आणि दोन मिनिटांत परत लावली. दुसरी त्यांनी अर्धीच उपसली. पाचवीला हात लावला नाही. ऑफिसात इतक्या वर्षांत कुणी माझं काम न तपासता पुढे पाठवल्याचा मला असा आनंद झालेला नाही.

दहाच्या सुमारास दोन दोर एकमेकांत अडकले, आणि मग तिसरा. तंगूस, टाचण्या, त्यात अर्धवट अडकलेली माकुलं, सगळ्याचा झिम्मा. मामा हसून म्हणाले, "ओमात्सुरी!" म्हणजे जत्रा. दोरांचा गुंता झाला की कोळी त्याला जत्रा म्हणतात. गावात जत्रा चालू, इथेही जत्रा. ती सोडवताना माझ्या अंगठ्यात टाचणी गेली. काटा नसल्याचा फायदा तेव्हा कळला, सरळ बाहेर आली.

अकरानंतर समुद्र आटल्यासारखा झाला. रिकामे गळ वर यायचे, खाली जायचे. मामांनी एका माकुलाच्या डोक्याशी टोचा मारला. अर्धं अंग क्षणात पांढरं पडलं, दुसऱ्या बाजूला टोचल्यावर उरलेलं. मग सुरी. आधी उजेडापुढे धरून मांस नीट न्याहाळलं, कारण कच्च्या माकुलात आनिसाकिस नावाची दोऱ्यासारखी अळी असू शकते. पांढरी, पीळ घातलेली, डोळ्यांनी दिसते. पोटात गेली तर जन्माची अद्दल. घरी करणार असाल तर उणे वीस अंशांवर चोवीस तास गोठवा, किंवा सरळ शिजवा. व्हिनेगरने किंवा वसाबीने ती मरत नाही. मामींनी दिलेल्या भाताच्या गोळ्यांबरोबर आम्ही ते खाल्लं. गोड होतं, आणि दाताखाली करकर वाजत होतं.

तेव्हा मी त्यांना काकाचं सांगितलं. आमच्या किनाऱ्यावर दिवे लावून मासे मारणं हा गुन्हा आहे. केंद्राने 2017 च्या नोव्हेंबरमध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली, आणि तरीही रात्री लांबवर ते पांढरे डाग दिसतात. दिसले की काका अंगणात उभा राहून शिव्या घालतो: "मेल्यांनी दर्यो रिकामो केल्यानी." माझ्यासाठी लहानपणापासून समुद्रावरचा उजेड म्हणजे चोरी. आणि आता मी अठरा दिव्यांखाली बसून भात खात होते.

मामांना दिव्यावर बंदी हे पटेना. "मग पकडतात कशाने?" मी सांगितलं, पर्ससीन. उजेडाने गोळा करायचे आणि जाळ्याने थवाच्या थवा वेढायचा, अंडी-पिल्लं सगळं. ते बराच वेळ दोराकडे बघत राहिले. मग म्हणाले, आमचा गळ एकेक उचलतो, थवा उचलत नाही. पण लगेच स्वतःच पुढे म्हणाले, की दिव्यांची चढाओढ आम्हीही केली. शेजाऱ्याचा दिवा मोठा की माकुलं त्याच्याकडे. मग आपण मोठा घ्यायचा. मग तो. उपग्रहातून दिसावे इतके दिवे झाले, शेवटी मर्यादा घालून घ्याव्या लागल्या.

जपानात 1968 साली साडेसहा लाख टनांच्या वर सुरुमे-इका, म्हणजे हे नेहमीचं माकूल, पकडलं गेलं होतं. 2023 मध्ये ते वीस हजार टनांच्या आसपास आलं. त्याचं आयुष्यच जेमतेम वर्षाचं. दक्षिणेकडे जिथे ते अंडी घालतं तिथलं पाणी एका हंगामात बिघडलं, की पुढच्या वर्षी इथे दिवे रिकाम्या पाण्यावर जळतात. पाणी बदललं हे मामा म्हणतात, शेजारच्या देशांच्या बोटींनाही ते सोडत नाहीत. स्वतःच्या दिव्यांबद्दल जे बोलले ते एकदाच बोलले.

मला त्यात काका निर्दोष आणि हे दोषी, किंवा उलट, असं काही मांडता येईना. एवढं मात्र वाटलं, की काकाची शिवी दिव्याला असते, आणि ती खरी जाळ्याला द्यायला हवी.

दोननंतर माकुलं पुन्हा गळाला लागली. दीड तासात चार पेट्या. माझ्या बाह्या, गॉगल, कानाची पाळी, सगळीकडे शाई. साडेतीनलाच पूर्वेला फटफटलं आणि मामांनी दिवे विझवले. हिरवं पाणी एका क्षणात राखाडी झालं, आणि इतक्या तासांत पहिल्यांदा मला समुद्राचा आवाज ऐकू आला.

एकूण नऊ पेट्या, टाकीत चाळीस-पन्नास जिवंत. कधीकाळी शंभर पेट्या व्हायच्या, असं मामा म्हणाले.

सोमवार

धक्क्यावर मामी तीनचाकी गाडा घेऊन उभ्या. जिवंत माकुलं आधी उतरली, पाण्यासकट, बाळाला न्यावं तशी. लिलाव डोळ्याचं पातं लवेपर्यंत आटोपला. मला एवढंच कळलं की मी भरलेल्या पेट्या इतर पेट्यांत मिसळून गेल्या आणि त्या ओळखू आल्या नाहीत. तेच हवं होतं.

सहाला त्यांच्या घरी जेवायला बसलो. मामींनी शेवयांसारखं चिरलेलं माकूल, रात्री होडीवर जिवंतपणी सोया सॉसच्या बरणीत टाकलेलं ओकिझुके, आणि माकुलाचं काळीज मिसो लावून कागदात भाजलेलं, असं सगळं पुढ्यात मांडलं. ते काळीज तुम्हाला कुठे दिसलं तर सोडू नका. कुर्ल्यांच्या लाखेची चव, आणि तिच्याही पुढे.

मी घास उचलला आणि आईची आठवण झाली. सोमवार. श्रावण लागला. मग हिशेब केला: जपान साडेतीन तास पुढे, म्हणजे भारतात आत्ता रात्रीचे अडीच. आपला वार सूर्योदयाला बदलतो. अजून अवसच चालू आहे. मी दोन वाट्या खाल्ल्या.

मग युनोकावाला जाऊन गरम पाण्याच्या झऱ्यात पडले. ट्रामने अर्ध्या तासात जाता येतं. होडीवरून आलात तर आधी खोलीत जाऊन साबणाने दोनदा आंघोळ करा. मी तशीच गेले, आणि शेजारच्या तीन बायका नळ बदलून लांब गेल्या. शाई नखांतून आठवडाभर निघाली नाही.

दुपारी आईचा फोन. "काल दिवे लावलेस का?"

"अठरा."

"काय दिवे लावलेस ते दिसतंय," ती म्हणाली. तिला मी शाईने माखलेला फोटो आधीच पाठवला होता. श्रावणाचा विषय मी निघू दिला नाही.

संध्याकाळी देवगडला काकाला लावला. तिकडे 1 तारखेला पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली होती, पण काका नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी काढत नाही. त्यामुळे तो घरीच, जाळं दुरुस्त करत बसलेला. दिव्यांचं ऐकून घेईल की फोन आपटेल, मला धाकधूक होती. त्याने सगळं ऐकलं. चपट्या चाकाचं दोनदा सांगायला लावलं.

"किती गावली?"

"नऊ पेट्या."

"आणि डिझेल कितक्या जाळल्यान?"

"दोनशे लिटर म्हणाले."

पलीकडे शांतता. जाळ्याची सुई थांबली असावी.

"नव पेटयो. दोनशे लिटर," तो स्वतःशीच म्हणाला. मग, "आणि तुका होडी लागली काय?"

"लागली."

"हां," काका म्हणाला, आणि फोन काकीकडे दिला.